सूक्ष्मतरंग भट्टी

सूक्ष्मतरंग या नावाच्या विद्युत् चुंबकीय तरंगांच्या साहाय्याने अन्नपदार्थ अल्पावधीत शिजविण्याचे किंवा गरम करण्याचे विद्युत् साधन. व्यवहारात याला ‘मायक्रोवेव्ह ओव्हन’ किंवा नुसतेच ‘मायक्रोवेव्ह’ असे म्हणतात. चूल, शेगडी, तंदूर किंवा साधी विद्युत् भट्टी यांत उष्णता पदार्थाच्या बाहेर निर्माण होते आणि पृष्ठभागाकडून हळूहळू आत जाते. सूक्ष्मतरंग भट्टीत तरंगांची ऊर्जा पदार्थात शोषली जाऊन तेथेच तिचे उष्णतेत रूपांतर होते. या भट्टीचा वेग या एका फरकामुळे लाभतो. पदार्थ खरपूस न होणे, तो सर्वत्र सारखा न तापणे यांसारख्या तिच्या मर्यादाही याच फरकातून उद्भवतात. त्यामुळे ही भट्टी कोणत्या कामाला योग्य व कोणत्या कामाला अयोग्य हे समजण्यासाठी तिच्यातील तापनक्रिया समजून घेणे आवश्यक ठरते.

तापनाचे तत्त्व : पाण्याच्या रेणूत विद्युत् भार सारखा विभागलेला नसतो. रेणूचे ऑक्सिजनाकडील टोक काहीसे ऋण, तर हायड्रोजनाकडील टोक काहीसे धन भारित असते. अशा द्विध्रुवी रेणूवर विद्युत् क्षेत्र लावल्यास तो क्षेत्राच्या दिशेला अनुसरून वळू पाहतो. घरगुती भट्टीतील तरंगांची कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) २,४५० मेगॅहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी, आणि तरंगलांबी सु. १२.२ सेंमी. असते. क्षेत्राची दिशा इतक्या त्वरेने उलटसुलट होत असल्याने पाण्याच्या रेणूंना तिच्याबरोबर वळत राहणे पुरतेपणी साधत नाही. शेजारच्या रेणूंशी होणाऱ्या आंतरक्रियेत ही ऊर्जा खर्च होते व पदार्थाचे तापमान वाढते. अन्नात विरघळलेल्या मिठाच्या आयनांच्या (विद्युत् भारित कणांच्या) हालचालींमुळेही काही उष्णता निर्माण होते.

ही कंप्रता पाण्याच्या रेणूच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळते व म्हणून पाणी तापते, असा एक समज रूढ आहे. पण तो बरोबर नाही. द्रवरूप पाण्याकडून होणारे शोषण याहून बऱ्याच उच्च कंप्रतेला सर्वाधिक असते. तशी कंप्रता वापरल्यास तरंग पदार्थाच्या पृष्ठभागाजवळच संपून जातील आणि आतपर्यंत पोहोचणार नाहीत. २,४५० मेगॅहर्ट्‌झ ही कंप्रता निवडण्यामागे शोषण व आत शिरणे यांचा मेळ आणि संदेशवहनाच्या पट्ट्यांपासून वेगळी राखलेली कंप्रता मिळणे, ही दोन्ही कारणे आहेत. हाच पट्टा पुढे बिनतारी संगणक जालांसाठीही वापरात आला. त्यामुळे भट्टी चालू असताना तिच्या निकटच्या अशा जालात कधीकधी व्यत्यय येतो.

सूक्ष्मतरंगांनी पदार्थ ‘आतून बाहेर’ शिजतो, हाही गैरसमज आहे. बटाट्यासारख्या पाणीदार पदार्थात पृष्ठभागापासून एक ते दोन सेंमी. इतक्या अंतरात तरंगांची तीव्रता पुष्कळच घटते. त्याहून जाड पदार्थाच्या गाभ्यात उष्णता नेहमीप्रमाणे संवहनानेच (एका थरातून लगतच्या थरात उष्णता जाण्याच्या क्रियेनेच) पोहोचते. तथापि बाहेरचा एवढा थर एकदम तापत असल्याने संवहनाला कापावे लागणारे अंतर कमी होते. संवहनाला लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाल्यास काळ सु. चौपट होतो. म्हणूनच हे अंतर थोडे कमी झाले तरी वेळेत मोठी बचत होते [⟶ उष्णता संक्रमण].

वेगाची मर्यादा : भट्टीतील तरंगांची एकूण शक्ती ठराविक असते आणि ती आत ठेवलेल्या सर्व पदार्थांत वाटली जाते. एक पेला (२५० ग्रॅ.) पाणी २५° से. पासून १०० से. पर्यंत तापविण्यास सु. ७८ किलोजूल ऊर्जा लागते. पाण्यात ८०० वॉट शक्ती शोषली जात असेल, तर यास सु. ९८ सेकंद, म्हणजे पावणेदोन मिनिटांहून थोडा कमी वेळ लागतो. चार पेल्यांना मात्र जवळजवळ चौपट वेळ लागेल. साध्या भट्टीत एक बटाटा भाजण्यास लागणाऱ्या वेळात चार बटाटेही भाजून होतात. सूक्ष्मतरंग भट्टीत तसे होत नाही. यावरून एक-दोन माणसांचे अन्न गरम करताना ही भट्टी अतिशय वेगवान वाटते, पण पंगतीच्या स्वयंपाकाला तिचा उपयोग का होत नाही, हे स्पष्ट होईल.

दुसरी मर्यादा पदार्थाच्या शिजण्यातच आहे. सूक्ष्मतरंगांमुळे तापमान लवकर वाढते. परंतु धान्यातील स्टार्चाने पाणी शोषून फुगणे, डाळीचा दाणा मऊ होणे किंवा चिवट मांस नरम होणे या क्रियांना त्यांचा स्वतःचा वेळ लागतो. पाणी एकदा उकळू लागल्यावर त्याचे तापमान १०० से. वरच स्थिर राहते, मग ते कोणत्याही साधनाने उकळलेले असो. त्यामुळे भात या भट्टीत नेहमीच्या मानाने फारसा लवकर होत नाही. तूरडाळ शिजविण्याच्या बाबतीत तर दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढविणारा प्रेशर कुकरच अधिक त्वरेने काम करतो.

रचना व कार्य : सूक्ष्मतरंग निर्माण करणारी मॅग्नेट्रॉन ही निर्वात नलिका हा भट्टीचा मुख्य भाग होय. घरातील २३० व्होल्टचा विद्युत् दाब रोहित्राच्या साहाय्याने सु. २,००० व्होल्टपर्यंत वाढवितात आणि धारित्र व द्विप्रस्थ यांच्या मंडलाने तो सु. ४,००० व्होल्ट करून नलिकेला देतात. मॅग्नेट्रॉनाच्या मध्यभागी तप्त ऋणाग्र व त्याभोवती पोकळ्या असलेले तांब्याचे धनाग्र असते. ऋणाग्रातून निघणारे इलेक्ट्रॉन प्रबल चुंबकीय क्षेत्रामुळे सरळ धनाग्राकडे न जाता त्याभोवती चक्राकार फिरतात आणि पोकळ्यांवरून जाताना त्यांत सूक्ष्मतरंग कंप्रतेची आंदोलने निर्माण करतात. नलिकेला मिळालेल्या विद्युत् ऊर्जेपैकी सु. ६० ते ७० टक्के ऊर्जा तरंगरूपाने बाहेर पडते. उरलेली उष्णतेच्या रूपाने वाया जाते व ती काढून टाकण्यासाठी पंखा बसविलेला असतो.

हे तरंग धातूच्या पोकळ तरंग मार्गदर्शकातून पाककोष्ठात येतात. कोष्ठाच्या धातूच्या भिंतींवरून ते वारंवार परावर्तित होतात. परावर्तित तरंगांच्या मिलाफाने कोष्ठात काही ठिकाणी क्षेत्र तीव्र, तर काही ठिकाणी क्षीण असे स्थिर आकृतिबंध तयार होतात. तीव्र क्षेत्रातील अन्न फार तापते व क्षीण क्षेत्रातील थंड राहते. हा दोष कमी करण्यासाठी पदार्थ फिरत्या तबकडीवर ठेवतात किंवा कोष्ठाच्या छताजवळ धातूची फिरती पाती बसवितात. यामुळे असमानता कमी होते, पण नाहीशी होत नाही.

दाराच्या काचेमागे धातूची सच्छिद्र जाळी असते. जाळीची छिद्रे एक-दोन मिमी. व्यासाची, म्हणजे तरंगलांबीच्या मानाने अगदीच लहान असल्याने प्रकाश त्यांतून जातो, पण सूक्ष्मतरंग जात नाहीत. दाराच्या कडेला असलेली विशिष्ट खोलीची खाच फटीतून होणारी गळती थोपविते. दार उघडताच मॅग्नेट्रॉनाचा पुरवठा तोडणारे एकाहून अधिक स्विच दाराच्या अडसराला जोडलेले असतात.

जुन्या पद्धतीच्या भट्टीत ‘मध्यम’ किंवा ‘मंद’ शक्ती निवडल्यास मॅग्नेट्रॉनाची शक्ती कमी होत नाही. तो ठराविक कालांतराने बंद-चालू होत राहतो. गोठविलेले अन्न वितळविताना या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. बर्फात रेणू जखडलेले असल्याने तो सूक्ष्मतरंग पाण्याच्या मानाने फारच कमी शोषतो. जेथे थोडे पाणी सुटते तेथेच ऊर्जा शोषली जाऊन तो भाग शिजू लागतो आणि लगतचा भाग गोठलेलाच राहतो. मधल्या विश्रांतीत उष्णता सर्वत्र पसरण्यास अवसर मिळतो. इन्व्हर्टर मंडल असलेल्या भट्ट्यांत मात्र शक्ती प्रत्यक्ष कमीअधिक करता येते.

इतिहास : उच्च कंप्रतेच्या तरंगांनी अन्न तापविण्याचे प्रात्यक्षिक १९३३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउस कंपनीने दाखविले होते. त्यात लघुतरंग प्रेषकाला जोडलेल्या धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये अन्न ठेवलेले होते. सूक्ष्मतरंग भट्टीला मात्र चालना मिळाली ती रडारच्या संशोधनातून. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल व हॅरी बूट यांनी पोकळी मॅग्नेट्रॉन तयार केला आणि त्यामुळे काही सेंमी. तरंगलांबीचे प्रबल तरंग प्रथमच सहज मिळू लागले. त्याच वर्षी हे तंत्र ब्रिटनने अमेरिकेला दिले आणि तेथील रेथिऑन कंपनीने मॅग्नेट्रॉनांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले [⟶ रडार].

या कंपनीतील अभियंते पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील गोड वडी चालू मॅग्नेट्रॉनाजवळ वितळली व त्यावरून त्यांना या तरंगांनी अन्न शिजविण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला व १९५० साली त्यांना एकस्व मिळाले. १९४७ साली विक्रीस आलेली ‘रडारेंज’ ही पहिली भट्टी सु. १.८ मी. उंच व ३४० किग्रॅ. वजनाची होती. तिचा मॅग्नेट्रॉन थंड ठेवण्यासाठी नळाचे पाणी खेळवावे लागे. अर्थातच ती उपाहारगृहे, जहाजे यांसारख्या ठिकाणीच वापरता येत असे. टॅपन कंपनीने १९५५ साली घरगुती वापराची भट्टी आणली. पण तिची किंमत १,२९५ डॉलर असल्याने ती फारशी खपली नाही. १९६७ साली अमाना कंपनीने ओट्यावर ठेवता येईल एवढी लहान भट्टी ४९५ डॉलरना विकण्यास सुरुवात केली आणि तेव्हापासून तिचा घरोघरी प्रवेश होऊ लागला. जपानमध्ये शार्प कंपनीने १९६२ मध्ये अशा भट्ट्यांचे उत्पादन सुरू केले व १९६६ मध्ये तीत फिरती तबकडी बसविली. भारतीय शहरांतील मध्यमवर्गीय घरांत ही भट्टी १९९१ मधील आर्थिक धोरणबदलानंतरच्या काळात रुळली.

संयुक्त भट्ट्या : पाव, बिस्किटे किंवा भाजलेले मांस यांना येणारा तपकिरी रंग व खमंग वास प्रथिनांतील ॲमिनो अम्ले आणि शर्करा यांच्यातील विक्रियेमुळे येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल्वी कामीय मायार यांनी १९१२ साली वर्णिलेली ही विक्रिया सु. १४०° से. च्या पुढे वेगाने घडते. सूक्ष्मतरंगांनी तापणाऱ्या पदार्थात पाणी असेपर्यंत त्याचे तापमान १०० से. च्या आसपासच राहते. शिवाय भोवतालची हवा थंड असल्याने पृष्ठभाग गाभ्याहून अधिक तापत नाही व त्यावर ओलावा साचतो. परिणामी पदार्थ शिजतो, पण फिकट व मऊ राहतो.

यावर उपाय म्हणून वेगवान तापन व पृष्ठभागाचे भर्जन या दोन क्रिया एकाच भट्टीत एकत्र आणण्यात आल्या. साध्या संयुक्त भट्टीत छताला तप्त तारेची किंवा क्वॉर्ट्‌झ नळीची जाळी (ग्रिल) असते. दुसऱ्या प्रकारात तापक व पंखा बसवून सु. २००° से. तापमानाची हवा कोष्ठात खेळवितात. स्थिर हवेचा एक पातळ थर पदार्थाला चिकटून असतो व तो उष्णतारोधकाचे कार्य करतो. वाहत्या हवेमुळे हा थर विरळ होतो व पदार्थ लवकर भाजला जातो. यामुळे साध्या भट्टीपेक्षा तापमान १५° ते २०° से. कमी ठेवले तरी चालते. तिसऱ्या प्रकारात हॅलोजन दिव्यांचा उपयोग करतात. यांतील टंगस्टनाच्या तंतूपासून निघणाऱ्या प्रारणाचा मोठा भाग सु. १ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास असतो. तो अन्नात काही मिमी. पर्यंत शिरत असल्याने पदार्थाचा वरचा थर झपाट्याने तापतो. हे दिवे क्षणार्धात प्रखर होत असल्याने भट्टी आधी तापवून ठेवण्याचा वेळही वाचतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९९९ साली हॅलोजन दिवे व सूक्ष्मतरंग यांचा एकत्र वापर करणारी घरगुती भट्टी विक्रीस आणली. केवळ वेगवान तप्त हवेवर चालणारी लहान आकाराची ‘एअर फ्रायर’ ही भट्टी २०१० साली फिलिप्स कंपनीने आणली. तीत सूक्ष्मतरंग नसतात. कोष्ठ लहान व हवेचा वेग जास्त असणे हे तिच्या शीघ्रतेचे कारण होय.

भांडी : काच व साधी चिनी माती यांतून सूक्ष्मतरंग जवळजवळ न शोषले जाता पार जातात; म्हणून त्यांची भांडी योग्य ठरतात. धातूच्या भांड्यावरून तरंग परावर्तित होत असल्याने आतील अन्न नीट तापत नाही. तसेच टोकदार कडा, सोनेरी वा रुपेरी वर्ख, चुरगळलेला ॲल्युमिनियमचा कागद यांवरून ठिणग्या उडतात. प्लॅस्टिकचे भांडे या वापरासाठी बनविलेले असेल तरच घ्यावे. तेलकट व गोड पदार्थ १०० से. च्या पुढे तापू शकतात. त्यामुळे अन्य प्लॅस्टिक मऊ होऊन त्यातील रसायने अन्नात उतरण्याचा संभव असतो. भट्टी रिकामी चालविल्यास तरंग शोषणारे काहीच नसल्याने ऊर्जा मॅग्नेट्रॉनाकडे परत जाऊन त्यास इजा होते.

भारतीय स्वयंपाकातील उपयोग : उरलेले अन्न गरम करणे हा या भट्टीचा सर्वांत सामान्य उपयोग आहे. पापडातील थोड्याशा ओलाव्याची वाफ होऊन तो तेलाशिवाय सु. एका मिनिटात फुलतो. शेंगदाणे मधूनमधून ढवळून भाजता येतात. बटाटे, रताळी व मक्याची कणसे थोड्या पाण्याच्या शिडकाव्याने शिजतात. ढोकळ्यासारखे वाफवलेले पदार्थ काही मिनिटांत होतात. याउलट फोडणीचे काम शेगडीवरच करणे इष्ट असते. तेलाचे रेणू फारसे ध्रुवी नसल्याने थोडे तेल या भट्टीत सावकाश तापते आणि त्याचे तापमान किती झाले हे कळत नाही. याच कारणासाठी पुऱ्या, भजी इ. तळण्याचे पदार्थ तीत कधीही करू नयेत. पोळी, भाकरी किंवा पाव काही सेकंदांहून अधिक ठेवल्यास त्यांतील पाणी निघून जाऊन ते चिवट व पुढे कडक होतात.

सुरक्षितता : सूक्ष्मतरंगांच्या एका पुंजाची (फोटॉनाची) ऊर्जा सु. एक लक्षांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे रासायनिक बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या मानाने नगण्य असते. त्यामुळे अन्न किरणोत्सर्गी होत नाही व भट्टी बंद होताच त्यात कोणतेही तरंग शिल्लक राहत नाहीत. हे तरंग शरीरात शोषले गेल्यास मात्र ऊतके (समान रचनेच्या पेशींचे समूह) तापून इजा होते, विशेषतः डोळ्यांना. म्हणून गळतीवर मर्यादा घातलेली असते. अमेरिकेत १९७१ साली अमलात आलेल्या मानकानुसार भट्टीपासून ५ सेंमी. अंतरावर गळती विक्रीपूर्वी दर चौ. सेंमी.ला १ मिलिवॉट व नंतरच्या वापरात ५ मिलिवॉट यांहून अधिक असता कामा नये. अंतर वाढेल तशी ही तीव्रता झपाट्याने घटते, ५० सेंमी. वर ती ५ सेंमी. वरील तीव्रतेच्या सु. शंभरांश असते. दार वाकलेले असेल, बिजागऱ्या सैल असतील किंवा दार नीट बसत नसेल, तर भट्टी दुरुस्त होईपर्यंत वापरू नये.

प्रत्यक्षात गळतीपेक्षा तप्त अन्न, असमान तापन व उच्च विद्युत् दाब यांपासून होणारे अपाय अधिक महत्त्वाचे आहेत. तान्ह्या बाळाच्या दुधाची बाटली या भट्टीत गरम करू नये. बाटली बाहेरून कोमट लागत असतानाच आतील दुधाचा काही भाग तोंड भाजण्याइतका तापलेला असू शकतो. त्याऐवजी बाटली गरम पाण्याच्या भांड्यात धरावी. कवचासह अंडे किंवा घट्ट झाकणाचे भांडे आतील वाफेच्या दाबाने फुटते. अंडे तर बाहेर काढल्यावर, प्रसंगी खाताना, फुटते. गुळगुळीत पेल्यातील स्वच्छ पाणी बुडबुडे न येता १०० से. च्या वर तापू शकते व चमचा किंवा चहाची पूड घालताच एकदम उसळून हात किंवा तोंड भाजते. पाणी तापविताना त्यात लाकडी चमचा ठेवल्यास हा धोका टळतो. आत अन्न पेटल्यास दार न उघडता विद्युत् पुरवठा बंद करावा. हवा न मिळाल्याने आग विझते.

शिळे अन्न, विशेषतः मांस व अंड्यांचे पदार्थ, पुन्हा गरम करताना थंड राहिलेल्या भागांत रोगकारक सूक्ष्मजंतू जिवंत राहू शकतात. त्यासाठी अन्न झाकून ठेवावे, मध्ये ढवळावे, ते सर्वत्र निदान ७४° से. पर्यंत तापवावे व नंतर दोन-तीन मिनिटे तसेच राहू द्यावे. मात्र दीर्घकाळ बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सीरियस या जंतूने निर्माण केलेले विष नुसत्या तापविण्याने नष्ट होत नाही. भट्टी कितीही वेगवान असली, तरी अन्न वेळीच थंड करून शीतकपाटात ठेवण्याची गरज तीमुळे कमी होत नाही.

भट्टीची दुरुस्ती घरी करणे अत्यंत धोक्याचे असते. खटका बंद करून व गुडदी काढून घेतल्यावरही धारित्रात प्राणघातक विद्युत् भार काही काळ साठून राहू शकतो. म्हणून आवरण उघडण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

पोषणमूल्य व ऊर्जाव्यय : क जीवनसत्त्वासारखी पाण्यात विरघळणारी पोषकद्रव्ये भाज्या पुष्कळ पाण्यात उकळताना त्या पाण्याबरोबर वाया जातात. सूक्ष्मतरंग भट्टीत पाणी थोडे व वेळ कमी लागत असल्याने ही हानी बहुधा कमी होते. पाणी जास्त घातल्यास किंवा अन्न गरजेपेक्षा अधिक वेळ ठेवल्यास हा लाभ राहत नाही.

१,२०० वॉट शक्ती घेणारी भट्टी पाच मिनिटे चालविल्यास ०.१ किवॉ.-तास (युनिट) वीज खर्च होते. अल्प प्रमाणातील अन्नासाठी हा खर्च साध्या विद्युत् भट्टीपेक्षा बराच कमी आहे, कारण भिंती व हवा तापविण्यात ऊर्जा जात नाही. तप्त हवेच्या पद्धतीने अर्धा तास भाजताना मात्र हा फायदा उरत नाही. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१९ साली या भट्ट्यांसाठी तारांकित प्रतवारीची ऐच्छिक योजना सुरू केली. भट्टी निवडताना जाहिरातीतील वेगापेक्षा घरातील माणसांची संख्या, नेहमी होणारे पदार्थ आणि भाजण्याची खरी गरज यांचा विचार करणे अधिक हिताचे ठरते. थोडे, पाणीदार व ढवळता येण्याजोगे अन्न असेल, तर ही भट्टी शेगडीला मागे टाकते. पुष्कळ, कोरडे, तळायचे किंवा मुरत ठेवून शिजवायचे अन्न असेल, तर शेगडी, प्रेशर कुकर व तवा यांची जागा ती घेऊ शकत नाही.